कॉम्प्रिहेन्सिव्ह शाळा: मुलगी शिकून बाहेर पडली, मुलगा अजून आत आहे, त्यावरून रिव्ह्यू

शाळेचं नाव लिहिणार नाहीये, आधीच सांगून ठेवते. धाकटा अजून तिथेच आहे आणि मला पॅरेंट्स ईव्हनिंगला तोंड दाखवायचंय. लंडनच्या कडेच्या पट्ट्यातली साधी सरकारी सेकंडरी आहे, ११ ते १८ वयाची पोरं, फी नाही, प्रवेशपरीक्षा नाही. थोरली २०१७ ला यिअर सेव्हनमध्ये (सेकंडरीचं पहिलं वर्ष) गेली आणि २०२४ ला ए लेव्हल (आपली बारावी म्हणा) करून बाहेर पडली, धाकटा आता यिअर नाइनला. म्हणजे ट्रायल पॅक वापरून लिहिलेला रिव्ह्यू नाहीये हा.

लिहायचं कारण म्हणजे आपल्या इकडच्या मराठी ग्रुपवर दर उन्हाळ्यात तोच प्रश्न येतो, ग्रामरची (परीक्षा घेऊन पोरं निवडणारी सरकारी शाळा) तयारी करून घेऊ की जवळची कॉम्प (म्हणजे कॉम्प्रिहेन्सिव्ह, परीक्षा न घेता सगळ्यांना घेणारी) चालेल? आणि मग निम्मे लोक ट्यूशनवाल्याचा नंबर टाकतात, उरलेले ऑफस्टेडचा (शाळा तपासणाऱ्या सरकारी खात्याचा) रिपोर्ट टाकतात, पण ही कॉम्प नावाची भानगड मुळात आली कुठून हे कोणी सांगत नाही. मलाही माहीत नव्हतं. मला ते त्या शाळेच्या बिल्डिंगने शिकवलं, आणि तिथल्या केअरटेकरने.

ओपन ईव्हनिंगला गेलो होतो, २०१६ चा पावसाळी सप्टेंबर. यिअर इलेव्हनची एक मुलगी सगळीकडे फिरवत होती, इकडे लॅब, इकडे ड्रामा स्टुडिओ, हे आमचं कँटीन वगैरे. हॉलमध्ये मी जरा मागे रेंगाळले कारण भिंतीवर एक मोठा लाकडी बोर्ड होता, काळपट पॉलिश, त्यावर सोनेरी अक्षरांत वर्ष, मुलीचं नाव आणि पुढे कॉलेज. गर्टन, सोमरव्हिल, किंग्ज लंडन. ओळीने नावं खाली येतात येतात आणि सत्तरच्या दशकात एकदम थांबतात, खालचा अर्धा बोर्ड कोरा. कोणी काढूनही टाकला नाही आणि पुढे लिहिलंही नाही. मी बघत उभी आहे बघून खुर्च्या लावणारा माणूस म्हणाला, ते ग्रामर होतं तेव्हाचं, ही बाजू मुलींची ग्रामर, आणि मी रस्त्यापलीकडच्या बाजूला होतो, सेकंडरी मॉडर्नला. हा तो केअरटेकर, आता रिटायर झाला. त्याची बहीण परीक्षा पास झाली म्हणून या बिल्डिंगमध्ये, हा नापास म्हणून त्या. एकाच घरातून सकाळी दोन वेगळ्या रंगांचे ब्लेझर बाहेर पडायचे. पास झालास तर सायकल घेऊन देऊ असं बापाने सांगितलेलं, सायकल बहिणीला मिळाली. आणि हे तो हसत हसत सांगत होता, पण पन्नास वर्षांनी सुद्धा सायकलचा रंग त्याला आठवत होता!

तर झालेलं असं. १९४४ च्या शिक्षण कायद्याने, बटलर मंत्री होते तेव्हा, इंग्लंड-वेल्समध्ये सरकारी सेकंडरी शिक्षण सगळ्यांना फुकट झालं. चांगलीच गोष्ट. पण अंमलबजावणी करताना पोरांचे तीन गठ्ठे केले, अभ्यासू डोक्याची ग्रामरला, तांत्रिक डोक्याची टेक्निकलला आणि बाकीची सेकंडरी मॉडर्नला. गंमत म्हणजे कायद्यात तीन प्रकारच्या शाळा असाव्यात असं कुठे लिहिलेलंच नव्हतं, पण १९४३ च्या नॉरवुड रिपोर्टात तीन प्रकारची डोकी असतात असं म्हटलं होतं आणि अधिकाऱ्यांनी ते धरलं. टेक्निकल शाळा फारशा निघाल्याच नाहीत, त्यामुळे उरले दोन गठ्ठे. ठरवायचं कशावरून तर वयाच्या ११ व्या वर्षी दिलेल्या एका परीक्षेवरून, तीच ती इलेव्हन प्लस. आपल्याकडची स्कॉलरशिपची परीक्षा डोळ्यासमोर आणा, फक्त नापास झालात तर शाळाच वेगळी आणि पुढचं सगळंच वेगळं. सरासरी चारातलं एक पोरगं ग्रामरला, पण ते सुद्धा तुमच्या भागात जागा किती यावर, एका काउंटीत पास होणारं पोरगं शेजारच्या काउंटीत नापास. काही ठिकाणी मुलींना जास्त मार्क लागायचे, नाहीतर मुलीच जास्त झाल्या असत्या म्हणे. यावर मी काही बोलत नाही.

कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणजे या चाळणीला दिलेलं उत्तर. गावातली सगळी पोरं एकाच शाळेत, बस. वेल्समध्ये अँगलसी बेटावर होलीहेडला १९४९ मध्ये अशी शाळा झाली, तिथे वस्ती इतकी विरळ की दोन वेगळ्या शाळा चालवणं परवडणारंच नव्हतं. लंडनमध्ये काउंटी कौन्सिलने १९५४ ला किडब्रुकला मुद्दाम याच कामासाठी नवी कोरी शाळा बांधली, जवळजवळ २,००० मुलींची. एवढी मोठी का, तर सगळी पोरं मिळून पुढे सिक्स्थ फॉर्मला (१६ ते १८ ची दोन वर्षं) पुरेशी उरली पाहिजेत हा हिशोब होता. तिथे जवळच्या एल्टम हिल ग्रामरच्या मुली पण सामावून घ्यायचा प्लॅन होता, तर शिक्षणमंत्री फ्लॉरेन्स हॉर्सब्रू बाईंनी ऐनवेळी मोडता घातला आणि ग्रामर तशीच ठेवली. म्हणजे सगळ्यांची शाळा काढली आणि वरची साय आधीच काढून घेतली. हे वाक्य लक्षात ठेवा कारण कॉम्पच्या पुढच्या सत्तर वर्षांत हेच परत परत झालंय.

मग १९६५. लेबर सरकार, अँथनी क्रॉसलंड मंत्री, सर्क्युलर १०/६५. सगळ्या स्थानिक शिक्षण विभागांना सांगितलं की तुमच्या शाळा कॉम्प्रिहेन्सिव्ह करण्याचे प्लॅन पाठवा. सांगितलं म्हणजे 'विनंती' केली, हुकूम नाही. आत यावर बराच खल झाला होता की शब्द कुठला वापरायचा, आणि विनंतीवर शिक्कामोर्तब झालं. त्या एका शब्दामुळे केंटमध्ये आजही इलेव्हन प्लस आहे! बकिंगहॅमशरमध्ये आहे, आणि लंडनच्या कडेला सटन, किंग्स्टन, बार्नेट, बेक्सली इकडे ग्रामर शाळा आहेत. इंग्लंडभर १६३ उरल्यात. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये एकही सरकारी ग्रामर नाही. तुम्ही ज्या ट्यूशनला महिन्याला पैसे भरताय त्याचं मूळ त्या विनंतीत आहे बघा.

आणि दुसरी गोष्ट, त्या सर्क्युलरबरोबर बांधकामाला वेगळा पैसा आला नाही. आता विचार करा, पैसा नाही आणि शाळा एक करायच्यात, मग काय करणार, जवळपासच्या दोन जुन्या शाळांना एक नाव द्यायचं, एक हेड द्यायचा आणि झालं लग्न. आमची शाळा म्हणजे असलंच लग्न. मुलींची ग्रामर आणि मुलांची सेकंडरी मॉडर्न, मध्ये मेन रोड आणि चालत दहा मिनिटं. आज सुद्धा पोरं एका तासावरून दुसऱ्या तासाला दप्तर घेऊन पावसात पळतात, आणि पोचल्यावर लेट मार्क. दोन लेट मार्क की डिटेन्शन. थोरलीने सात वर्षांत त्या रस्त्यावर जितकी छत्र्यांची वाट लावली तितकी मी मुंबईतल्या पावसात आयुष्यात लावली नाही.

पण खरं बघण्यासारखं आहे ते दोन्ही बिल्डिंगच्या आत. ग्रामरच्या बाजूला सायन्स लॅब आहेत, सागवानी टेबलं, प्रत्येक टेबलाला गॅसचे पितळी नळ, पायऱ्यापायऱ्यांची बाकं असलेली डेमो रूम, लायब्ररीला उंच खिडक्या. मॉडर्नच्या बाजूला एक सुतारकामाचं वर्कशॉप, बाकांना लाकूड पकडायचे लोखंडी शिकंजे अजून बसवलेले, त्यावर कोणी कोणी इनिशियल्स कोरलेली, लॅब नावाला एक आणि ती पण नंतर केलेली. म्हणजे कुठल्या पोरांकडून कोणी काय अपेक्षा ठेवली होती ते भिंतींवरच दिसतं. केअरटेकर म्हणाला, आमच्या बाजूला ओ लेव्हलला (१६ व्या वर्षीची परीक्षा) बसायची सोयच नव्हती, १५ ला शाळा सोडली आणि कामाला लागलो. आज धाकटा त्याच शिकंज्यात लाकूड पकडून डीटीच्या (डिझाइन-टेक्नॉलॉजी) तासाला पक्ष्यांसाठी लाकडी घरटं करतो आणि पुढच्या तासाला रस्ता ओलांडून त्या पितळी नळांवर टायट्रेशनची तयारी बघतो. एकच पोरगं, दोन्ही बिल्डिंगा. मला विचाराल तर या शाळेची विकत घेण्यासारखी वस्तू ही आहे, बाकी सगळं जाहिरात.

मधल्या पटांगणात एक बसकी काँक्रीटची खोली आहे, पोरं तिला 'द हट' म्हणतात, मला वाटलं स्टोअररूम असेल. तर ती हॉर्सा हट निघाली, १९४७ ला शाळा सोडायचं वय १४ चं १५ केलं तेव्हा जास्तीच्या पोरांना बसवायला देशभर घाईघाईने उभ्या केलेल्या तात्पुरत्या खोल्या. तात्पुरत्या! आत आता म्युझिकचे तास होतात. पुढे १९७२ ला वय १६ केलं तेव्हाचा 'रोझला ब्लॉक' तिच्यामागे आहे, सपाट छताचा, बारा महिने गळणारा. आणि २०२३ च्या सप्टेंबरात, धाकट्याचा यिअर सेव्हनचा पहिला आठवडा, बातम्यांत तो 'राक' नावाच्या हलक्या, जुनं झालं की कोसळू शकणाऱ्या काँक्रीटचा घोळ सुरू झाला, शाळा उघडायच्या तोंडावर १०० हून जास्त शाळांना इमारती किंवा काही भाग बंद करायला सांगितलेले. आमच्याकडे तपासणीत काही निघालं नाही पण तीन दिवस मी त्या सपाट छताकडे बघत होते.

थॅचर बाईंचं एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. लोकांना वाटतं त्या कॉम्पच्या शत्रू, आणि होत्याच, १९७० ला शिक्षणमंत्री झाल्या झाल्या क्रॉसलंडचं सर्क्युलर मागे घेतलं. पण तोवर गावोगावचे प्लॅन टेबलावर येऊन पडलेले, लोकांनाही इलेव्हन प्लसचा वीट आलेला, मध्यमवर्गातल्या ज्यांची पोरं नापास होत होती ते सगळ्यात जास्त बोंबलत होते, त्यामुळे एकेक प्लॅन मंजूर करत गेल्या आणि इतर कुठल्याही शिक्षणमंत्र्यापेक्षा जास्त कॉम्प्रिहेन्सिव्हना त्यांच्याच काळात मंजुरी मिळाली. आमची शाळा पण त्यातलीच. कोऱ्या अर्ध्या बोर्डावर सही थॅचर बाईंची आहे म्हणा.

त्यानंतर शाळेच्या गेटवरच्या पाटीने जितकी नावं बदलली तितकी कोणी भाडेकरू घरं बदलत नाही. आधी कॉम्प्रिहेन्सिव्ह. १९८८ च्या कायद्याने नॅशनल करिक्युलम आलं, ओ लेव्हल आणि सीएसई या १६ व्या वर्षीच्या दोन वेगळ्या परीक्षा जाऊन त्यांच्या जागी जीसीएसई त्याच वर्षी पहिल्यांदा झाल्या. १९९२ पासून लीग टेबल्स आणि ऑफस्टेड, म्हणजे शाळांना मार्क. २००१ ला टोनी ब्लेअरच्या प्रवक्त्याने 'बॉग-स्टँडर्ड कॉम्प्रिहेन्सिव्ह' असा शब्द काढला, म्हणजे गल्लीबोळातली सुमार शाळा, आणि त्यानंतर कोणालाच ते नाव पाटीवर नकोसं झालं. मग काही वर्षं आम्ही स्पोर्ट्स कॉलेज होतो (ज्या शाळेला मैदान अर्धंच आहे), आणि २०१० च्या कायद्यानंतर सगळ्यांच्या रांगेत जाऊन अकॅडमी. अकॅडमी म्हणजे कौन्सिलच्या हाताखालून बाहेर, पैसा सरळ केंद्राकडून, वर एक ट्रस्ट. आई-बापांच्या बाजूने फरक काय पडतो तर तक्रार करायला कौन्सिलकडे गेलात तर ते ट्रस्टकडे बोट दाखवतात, आणि ट्रस्टचं ऑफिस तिसऱ्याच गावात, तिथून ईमेल येतो की तुमचं म्हणणं आम्ही नोंदवलंय. हेडच्या वर एक्झिक्युटिव्ह हेड, तो मी सात वर्षांत एकदाच पाहिला, ते पण स्क्रीनवर.

आता तक्रारी. मॅथ्सला थोरलीच्या यिअर टेनमध्ये अख्खी एक टर्म सप्लाय (बदली) टीचर, दर दोन आठवड्यांनी नवा माणूस, एकाने तर तीन तास नुसतं वर्कशीट वाटलं आणि मोबाइल बघत बसला. विचारलं तर भरती सुरू आहे. पॅरेंट्स ईव्हनिंग कोविडनंतर ऑनलाइन झाली ती तशीच राहिली, पाच मिनिटांचा स्लॉट, घड्याळ उलटं मोजतं आणि टीचर "पण मला खरी काळजी वाटते ती" इथपर्यंत आले की स्क्रीन काळी. काय काळजी वाटते ते मला अजून कळलेलं नाही. कँटीन बरं आहे, बोटाचा ठसा देऊन पैसे कटतात त्यामुळे पोरगं रोज कुकीच खातं हे महिनाअखेरीस समजतं. ब्लेझर शाळेने ठरवलेल्या एकाच दुकानातून घ्यायचा. आणि हजेरीचं फार कडक झालंय हल्ली, शाळेचे पाच दिवस विनापरवानगी बुडवले तर दंड लागू शकतो, एका पोरामागे प्रत्येक पालकाला ८० पौंड, २१ दिवसांत नाही भरला तर १६०. म्हणजे भावाच्या लग्नाला नोव्हेंबरात गेलात तर आहेराबरोबर तो खर्चही धरा. परवानगी मागितली तर हेड छान भाषेत नाही म्हणतात.

पण सगळ्यात मोठी तक्रार सेटची. बाहेरून एक शाळा, आत पोरांचे सेट, मॅथ्सला एक ते पाच. आपल्याकडच्या तुकड्या आठवा, अ तुकडीत हुशार आणि ड मध्ये कोण ते सगळ्यांना माहीत, तसंच, फक्त इथे विषयवार. यिअर सेव्हनला आल्या आल्या प्रायमरीच्या शेवटी होणाऱ्या सॅट्स परीक्षेच्या मार्कांवरून सेट पडतात. आणि शेवटी जीसीएसईला मॅथ्सच्या पेपरांचे दोन स्तर असतात, हायर आणि फाउंडेशन. फाउंडेशनला बसलं की पेपर पूर्ण बरोबर सोडवला तरी ग्रेड पाचच्या वर जाऊच शकत नाही, नऊपर्यंत फक्त हायरवाले. म्हणजे खालच्या सेटमधल्या पोराचं छप्पर १५ व्या वर्षी ठरतं आणि बऱ्याच आई-बापांना ते कळतच नाही. इलेव्हन प्लस पुढच्या दाराने घालवली आणि ती मागच्या दाराने पाय धुऊन आत आली असं मला सारखं वाटतं. त्यामुळे पोरगं कुठल्या सेटमध्ये आहे, सेट वर्षात कधी बदलतात आणि पेपर कुठला देणार, हे तीन प्रश्न यिअर एटपासून विचारत राहा, चिवटपणे, हसून.

फरक इतकाच की सेट बदलता येतो, शाळा बदलता येत नव्हती. थोरली इकडे आली तेव्हा नऊ वर्षांची, इंग्रजी वाचायची पण वर्गात तोंड उघडायची नाही. दहाव्या वर्षी तिला इलेव्हन प्लसला बसवलं असतं तर पेपरातले ते शब्दांचे कोडेवाले प्रश्न बघूनच रडली असती. यिअर सेव्हनला मॅथ्स सेट थ्री. यिअर नाइनला सेट टू. यिअर टेनच्या त्या सप्लाय टर्मनंतर जी टीचर आली, मिस म्हणूनच लिहिते, तिने जेवणाच्या सुट्टीत पाच जणींना घेऊन बसायला सुरुवात केली आणि हायरच्या पेपरला बसवलं. २०२२ ला मॅथ्सला आठ आले, मग ए लेव्हलला मॅथ्स आणि फिजिक्स. तिच्या फिजिक्सच्या वर्गात अकरा जण होते, त्यात एक मुलगा यिअर सेव्हनला सेट फोरला होता, बाप प्लंबर, आणि एकीची आई हॉस्पिटलात कन्सल्टंट. १९६० साली या तिघांपैकी किती जण त्या पितळी नळांच्या बिल्डिंगमध्ये शिरले असते ते तुम्हीच सांगा.

फुकट आहे का, तर फी नाही. पण अर्ज जास्त आले की जागा बहुतेक ठिकाणी घरापासून शाळेपर्यंतच्या अंतरावर मिळते, सरळ रेषेत मोजतात, म्हणून चांगल्या नावाच्या कॉम्पच्या आजूबाजूला घरं महाग, आणि ती फी तुम्ही हप्त्यात भरता. आमच्या शाळेचं नाव मध्यम त्यामुळे आमचा हप्ता पण मध्यम. किडब्रुकच्या वेळी साय मंत्र्यांनी काढून घेतली होती, आता इस्टेट एजंट काढतो.

मराठीबद्दल कोणीतरी विचारणारच म्हणून, गुजराती, पंजाबी, बंगाली, उर्दू यांच्या जीसीएसई आहेत, मराठीची नाही. थोरलीने स्पॅनिश घेतलं. आजीशी ती मराठीत बोलते आणि मध्येच 'पेरो' (स्पॅनिशमधला 'पण') म्हणते.

स्टार विचाराल तर शिकवण्याला साडेतीन, बिल्डिंगला दोन (हटला मायनस एक), ट्रस्टला एक, आणि पोरांना ११ व्या वर्षी चाळणीत न घातल्याबद्दल पाच. रिटायर व्हायच्या दिवशी शाळेने केअरटेकरला असेंब्लीत स्टेजवर बोलावलं होतं, हॉलमध्ये, त्याच बोर्डाखाली. थोरली सांगत होती की तो म्हणाला, चाळीस वर्षं या बिल्डिंगच्या किल्ल्या माझ्या खिशात होत्या, आणि पोरांनी नुसता दंगा केला, कारण त्यांना वाटलं तो जोक आहे.

अर्जाची शेवटची तारीख ३१ ऑक्टोबर, निकाल १ मार्चला. तारीख बहुतेक वेळा दिवाळीच्या आसपासच पडते, फराळ नंतर करा, फॉर्म आधी भरा.